पानं झडायच्या आधी पडलेला बर्फ

प्रिय बाळा,

"लाईट गेली, हीटर बंद, पण मी बरी आहे" हा तुझा मेसेज सकाळी आला आणि जीव भांड्यात पडला. फोनची बॅटरी किती उरली असेल ठाऊक नाही, म्हणून महत्त्वाचं आधी लिहिते: घरात काहीही पेटवून ऊब घेऊ नकोस. कोळशाची शेगडी नको, कॅम्पिंगचा स्टोव्ह नको, खोली तापवायला गॅस चालू ठेवणंही नको. कुणी जनरेटर आणलाच तर तो घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून निदान 6 मीटर लांब हवा. गॅरेजचं दार उघडं ठेवलं तरी तिथे तो चालवायचा नाही.

इतकं ठासून सांगते, कारण हे माझ्यावर बेतलंय. माझ्या पहिल्याच हिवाळ्यात आम्ही तिघींनी स्वयंपाकघरात कोळसे पेटवले होते. खिडकी बोटभर उघडी ठेवली होती, तेवढी पुरेल असं वाटलं. तासाभरात माझं डोकं जड झालं, एकीला मळमळायला लागलं, तिसरी भिंतीला टेकून पेंगत होती. थंडीनं थकलोय असंच आम्ही समजत होतो. मेणबत्ती मागायला शेजारीण आली म्हणून वाचलो, तिनं आम्हाला दंड धरून बाहेर काढलं. कोळसे जळताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो, त्याला ना रंग ना वास. तसं काही जाणवलं तर पांघरूण ओढून पडू नकोस, तडक मोकळ्या हवेत जा आणि मदत बोलाव.

इतक्या लवकर आलेल्या बर्फानं एवढा अंधार कसा, असं तू विचारलंस. खिडकीतून झाडांकडे बघ. पानं अजून झडलेली नाहीत आणि हा बर्फ ओला, जड आहे. प्रत्येक पान त्याला झेलतं, मग फांदीला ते ओझं पेलवत नाही आणि ती तारांवर कोसळते. 2011 च्या ऑक्टोबरअखेर अमेरिकेच्या ईशान्य भागात हेच झालं. तेव्हा 30 लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, काहींची तर आठवडाभर आली नाही. म्हणून 'रात्रीपर्यंत येईल' या आशेवर बसू नकोस, तीन-चार दिवस काढायचे आहेत असं धरूनच चाल. बाहेर पडलीस तर वाकलेल्या फांद्यांखालून जाऊ नकोस. खाली पडलेल्या तारेत वीज नसेलच असं कधीही धरू नकोस.

सगळं घर गरम ठेवायच्या नादाला लागू नकोस. सगळ्यात लहान खोली निवड, दाराच्या फटीला टॉवेल लाव, रात्री पडदे ओढ आणि सगळी पांघरुणं तिथेच ने. एका जाड कोटापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे, आणि मोजे ओले झाले की लगेच बदल. कापरं भरणं ही शरीराची धडपड असते. ते थांबलं आणि बोलणं अडखळायला लागलं तर मात्र वाट बघू नकोस, मदत बोलाव.

फ्रीज उघडझाप केला नाहीस तर आतलं अन्न साधारण 4 तास टिकेल, गच्च भरलेल्या फ्रीझरमधलं 48 तास. आधी फ्रीजमधलं संपव. मेणबत्तीऐवजी टॉर्च वापर. हीटर, कॉम्प्युटर यांचे प्लग आत्ताच काढून ठेव, वीज परत येताना उपकरणांना झटका बसतो. एक दिवा तेवढा चालू ठेव, म्हणजे लाईट आलेली कळेल.

आणि खालच्या मजल्यावर त्या आजी एकट्याच राहतात ना? आज अंधार पडायच्या आत त्यांचं दार वाजव. त्यांची औषधं आहेत का, शेगडी पेटवून तर बसल्या नाहीत ना, एवढं बघ. जमलं तर त्यांना तुझ्याच खोलीत आण. संध्याकाळी मला फोन करू नकोस, नुसता मेसेज टाक. बॅटरी जपून वापर.

तुझी,
ताई