आधी देवासमोर मांड

प्रिय मुली,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर तू मला विचारलेस, "काका, मी जितकी प्रार्थना करते आहे, तितका साइटवरचा विरोध वाढतो आहे, मग माझेच काही चुकते आहे का?" भोवती माणसे होती आणि तुझे डोळे भरून आले होते, म्हणून तेथे उभ्या उभ्या काही बोलणे मला योग्य वाटले नाही. धीर सोडू नकोस, देव सर्व काही नीट करील, असे सांगणारे तुला पुष्कळ भेटतील आणि ते खरेही बोलत असतील, पण संडे स्कूलपासून तू ते ऐकत आली आहेस. मला सांगायचे आहे ते त्याच्या पुढचे.

आधी कामाचे बोलू, कारण त्याबद्दल मला काडीची शंका नाही. स्लॅबच्या सळयांखाली त्यांना काँक्रीटचे पुरेसे आवरण मिळवून देणारे कव्हर ब्लॉक नाहीत, कडेच्या बीममधल्या रिंगा नकाशात दाखवल्यापेक्षा लांब लांब बांधल्या आहेत, आणि काँक्रीटचे मिक्सर फाटकाबाहेर येऊन उभे आहेत, अशा वेळी तू पोअर कार्डावर, म्हणजे काँक्रीट ओतायला मंजुरी देणाऱ्या कागदावर, सही केली नाहीस. बरोबर केलेस. तुझी साइट आहे त्या उलव्याला खाडीची खारी हवा आहे; सळईवरचे आवरण कमी पडले की क्षार आत पोचतात, सळई गंजते, गंजताना फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते, हे तुला मी शिकवायला नको. 2013 च्या एप्रिलमध्ये शीळफाट्याजवळची इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि 74 माणसे गेली. ठाण्यात राहणाऱ्या इंजिनिअरने ते विसरू नये. तेव्हा सही करायला हवी होती का, ही चर्चा आपल्यात नकोच.

चर्चा करायची आहे ती तुझ्या सकाळची. जाग येताच तू साइटचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडतेस, रात्री कोणी काय टोमणा मारला ते वाचतेस, ऐरोली स्टेशन गाठेपर्यंत त्याला उत्तरे जुळवतेस, नेरुळला गाडी बदलताना तीच उत्तरे पुन्हा घोळवतेस, आणि प्रार्थना मात्र रात्री, अंथरुणाला पाठ टेकल्यावर, रडत रडत करतेस, असे तूच मला सांगितलेस. ऐकून मला तुझी काळजी वाटली आणि, खरे सांगतो, थोडा रागही आला. दिवसभर सगळ्या माणसांसमोर मांडून झालेली गोष्ट रात्री देवापुढे नेतेस, तेव्हा त्याच्या वाट्याला तुझा फक्त थकवा येतो. आधी देवासमोर मांड, मग माणसांसमोर. हा क्रम मोडू नकोस. या पत्रात मी हेच पुन्हा पुन्हा सांगणार आहे, आणि तू कंटाळलीस तरी सांगणार आहे.

बायबलमधले पाचवे स्तोत्र काढ. दाविद राजाच्या नावावरचे ते स्तोत्र बारा वचनांचे आहे, आणि त्याच्याभोवती खोटे बोलणारी, जिभेने गोड वागणारी, आतून नाश चिंतणारी माणसे आहेत, म्हणजे तुझ्या साइटवरच्यापेक्षा त्याची मंडळी काही फारशी वेगळी नाहीत. तरी तिसऱ्याच वचनात तो सकाळ धरून बसतो: सकाळी मी तुझ्यापुढे माझे म्हणणे नीट मांडीन आणि वाट पाहीन. मांडल्यावर वाट पाहायची आहे, हे विसरू नकोस. आपण बहुतेक जण मांडतो आणि लगेच उठून फोन हातात घेतो. पुढे तो देव कसा आहे ते बोलतो, देवाला दुष्टपणा आवडत नाही हे बोलतो, त्याच्या विपुल दयेमुळेच मी त्याच्या घरात पाऊल ठेवू शकतो हे बोलतो, आणि स्वतःच्या वैऱ्यांचा विषय त्याच्या तोंडी आठव्या वचनात येतो. तेथेही त्याचे पहिले मागणे आपली वाट सरळ व्हावी हे आहे. वैऱ्यांना वाटेतून दूर करण्याचे मागणे त्यानंतरचे. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो. तुझी प्रार्थना साइटवरच्या सिनिअरच्या नावाने सुरू होते आणि त्याच्याच नावाने संपते, आणि मग तू विचारतेस की मन शांत का होत नाही.

दहावे वचन तुला कदाचित बोचेल, कारण तेथे दाविद उघडपणे म्हणतो की त्यांना दोषी ठरव, ते आपल्याच मसलतींनी पडोत. ते वचन गाळू नकोस. राग आला असेल तर तो तेथे, सकाळच्या प्रार्थनेच्या खोलीत, देवाला ऐकव, सगळा ऐकव, म्हणजे साइटवर पोचेपर्यंत तो तुझ्या जिभेवर उरणार नाही. न्याय करणे त्याच्याकडे सोपवले की तुझ्याकडे फक्त काम उरते. ज्यांनी आधी देवासमोर मांडले नाही, ती माणसे दुपारी कँटीनमध्ये मांडतात, आणि तेथे मांडलेले संध्याकाळपर्यंत तिखटमीठ लागून परत येते.

मांडायचे म्हणजे काय, हे मला बायबलमधल्या यहूदाच्या हिज्किया राजाने शिकवले. अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यरुशलेमला धमकीचे पत्र पाठवले, तेव्हा हिज्कियाने ते घेतले, वाचले, परमेश्वराच्या मंदिरात नेले आणि तेथे त्याच्यापुढे उलगडून ठेवले. पत्रातला मजकूर देवाला ठाऊक नव्हता असे थोडेच आहे! पण हिज्किया "हे देवा, मला त्रास आहे" एवढे मोघम बोलून थांबला नाही. कोणी पाठवले, त्यात कोणती निंदा आहे, त्यातले किती खरे आहे, हे सारे त्याने नावानिशी सांगितले. अश्शूरच्या राजांनी खरोखरच राष्ट्रे उद्ध्वस्त केली आहेत, हेही त्याने लपवले नाही. सही न केल्याबद्दल तुला मिळालेला तो खुलासा मागणारा ईमेल असाच समोर ठेव. त्यातला एखादा मुद्दा खरा असेल, उदाहरणार्थ तू तपासणीला उशिरा पोचलीस असे असेल, तर तेही तेथेच कबूल कर. देवासमोर कागद उलगडलेला माणूस साहेबांसमोर खोटे बोलू शकत नाही आणि घाबरतोही कमी.

मी नोकरीत असताना खोदकामात मुरूम लागला असूनही मोजमाप पुस्तकात, बिल वाढावे म्हणून, कठीण खडक लिहिण्याचा आग्रह माझ्यावर झाला होता. मी लिहिले नाही. त्यानंतर माझी बदली घाटापलीकडच्या एका तालुक्याला झाली, पत्नीने ठाण्यात मुलांच्या शाळेपायी एकटीने घर चालवले, आणि माझी आई गेली तेव्हा मी वेळेवर पोचू शकलो नाही. याचे दुःख मला आजही आहे आणि ते जाईल असे वाटत नाही. नात्यातली माणसे अजूनही म्हणतात की सकाळच्या प्रार्थनेने हा हट्टी झाला, एक सही केली असती तर आकाश कोसळले नसते. मी त्यांना इतकेच सांगत आलो आहे की प्रार्थनेच्या खोलीतून उठल्यावर खोटी सही करणे मला शक्यच नव्हते. मी ठरवून धैर्य दाखवले असे नव्हे, सकाळी ज्याच्यापुढे बसलो त्याच्यासमोर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचे होते. त्या तालुक्यातल्या भाड्याच्या खोलीतही मी दिवा लावून आधी देवासमोर मांडत असे. बदली रद्द झाली नाही. म्हणून प्रार्थना ऐकली गेली नाही, असे कोणी म्हटले तर ते मी मान्य करणार नाही. मनात कडवटपणा न साठवता मी निवृत्त झालो, आणि हे मला माझ्या स्वभावाने जमले नसते, हे माझ्या घरचे सगळे जाणतात.

विरोध वाढला म्हणजे आपण चुकलो, हा हिशेब सोडून दे. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत हिंदू विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. तेथे त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार लावून घेत नसत आणि ज्या मुलींना यावेसे वाटे त्या येऊन बसत. एवढ्यावरून केवढे वादळ उठले! 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसे सल्लागार मंडळातून बाहेर पडली आणि पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी ना दार लावून घेतले, ना काम थांबवले. पुढे केडगावला निराधार स्त्रियांसाठी मुक्ती सदन उभे राहिले ते याच बाईंच्या हातून.

आणि स्वतःला हुतात्माही समजू नकोस. याच ठाण्यात 1321 मध्ये चार फ्रान्सिस्कन बंधूंना विश्वासासाठी जीव द्यावा लागला. तुझ्याशी कोणी जेवणाच्या सुट्टीत बोलत नाही, ही गोष्ट दुखते, मला कळते, पण तिला छळ म्हणू नये. तुझ्याशी न बोलणाऱ्या त्या मुलांना घरचे हप्ते आहेत, नोकरीची भीती आहे. त्यांची नावे घेऊन रोज प्रार्थना कर, सिनिअरचेही नाव घे.

यरुशलेमचा कोट पुन्हा बांधताना विरोध झाला तेव्हा नहेम्याने देवाची प्रार्थना केली आणि पहाराही बसवला, हे लक्षात ठेव. सकाळी प्रार्थना केली म्हणून कागदपत्रे ढिली ठेवायची मुभा मिळत नाही. सळयांचे फोटो तारखेसह जपून ठेव, नकार साइट रजिस्टरमध्ये लेखी नोंदव, आणि खुलासा देशील त्यात केवळ माप, नकाशाचा क्रमांक आणि वेळ असू दे, कोणाच्या स्वभावाबद्दल एक शब्दही नको.

उद्यापासून फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव आणि गजरासाठी साधे घड्याळ घे. वीस मिनिटे पुरेत. ग्रुपवर काय आले आहे ते गाडीत बसल्यावर वाच. आधी देवासमोर मांड. काही सुचले नाही तर पाचवे स्तोत्र मोठ्याने वाच आणि गप्प बैस, पण उठू नकोस.

खुलाशाचा मसुदा शुक्रवारपर्यंत मला पाठव. शनिवारी संध्याकाळी मी घरीच आहे. नकाशाची आणि त्या कार्डाची प्रत घेऊन ये, आणि आईलाही बरोबर आण, काकूंना तिच्याशी बोलायचे आहे.

तुझा,
काका