ऐनाच्या फांदीला देठाने लटकलेला कडक कोष: पतंग कोणता आणि बाहेर कधी येईल?

प्रश्न थोडक्यात असा: साकोलीजवळ बांधावरच्या ऐनावरून मार्चअखेरीस राखाडी, कडक, लहानशा अंड्याएवढा कोष फांदीसकट घरी आणला आहे. गेल्या पावसाळ्यात त्याच झाडाजवळच्या दिव्यावर पंजाएवढा पिवळसर पतंग आला होता आणि कुणीतरी त्याला अ‍ॅटलास म्हटलं. पतंग कोणता, कोषातून कधी निघेल आणि तोवर कोषाचं काय करायचं?

अ‍ॅटलास नाही. हा टसर या रानरेशमाचा पतंग, भंडारा-गडचिरोलीकडचा कोसा. शास्त्रीय नाव अँथेरिया मायलिट्टा. काही पुस्तकांत तो अँथेरिया पॅफिया नावाखाली सापडेल, त्याने गोंधळू नका.

पतंग तुम्ही पाहिला नसता तरी नुसत्या कोषावरून हे सांगता आलं असतं. तुमच्या कोषाचा देठ बघा. अळी कोष विणण्याआधी फांदीभोवती रेशमाचं जाड कडं घालते, त्यातून टणक देठ खाली सोडते आणि मग त्याच्या टोकाला कोष बांधते. म्हणून उन्हाळ्यात ऐनाची पानं झडली तरी कोष फळासारखा लटकलेला राहतो. विणून होत आलं की अळी आतून एक पातळ द्रव सोडते. त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटमुळे कवच इतकं कडक होतं की ब्लेडनेही सहज कापत नाही. आणि ते चहूबाजूंनी बंद असतं. अ‍ॅटलासचा कोष तपकिरी, पानात गुंडाळलेला आणि वरच्या टोकाला बाहेर पडायची वाट आधीच ठेवलेला. लांब शेपट्यांच्या हिरव्या चांद्रपतंगाचा कोष पातळ असतो, तोही पानांत गुंडाळलेला, आणि बरेचदा पानांबरोबर जमिनीवर पडतो. आंबा-काजूवर घोळक्याने सापडणारे सोनेरी, जाळीदार कोष क्रिक्युलाचे. तो पतंग याच्यापेक्षा बराच लहान.

पतंग ओळखताना आकारावर जाऊ नका, पंखावरचा डोळा बघा. टसरच्या चारही पंखांवर एकेक गोल डोळा असतो आणि त्याच्या मध्यभागी खवले नसतात. पतंग भिंतीवर बसला असेल तर त्या गोलातून भिंतीचा रंग दिसतो. अ‍ॅटलासमध्ये त्या जागी त्रिकोणी खिडकी असते आणि पुढच्या पंखाचं टोक सापाच्या तोंडासारखं वळलेलं. टसरच्या पुढच्या पंखाची वरची कड राखाडी असते. मादी बहुधा पिवळी किंवा राखाडी, पोट भरलेलं, पंख पसरून १५ ते १८ सेंटिमीटर. नर लहान, बहुतेक वेळा विटकरी-तपकिरी, पंखाचं टोक जास्त बाकदार. पण रंगात फरक खूप पडतो, त्यामुळे नर-मादी ठरवताना मिशा बघाव्यात. नराच्या रुंद आणि पिसासारख्या, मादीच्या अरुंद. तुम्ही पाहिलेली बहुधा मादी होती.

आता कोष जिवंत आहे का ते बघू. एक कोष सुमारे १० ते १३ ग्रॅम भरतो आणि त्यात रिकाम्या कवचाचं वजन जेमतेम दीड-दोन ग्रॅम. म्हणजे वजन जवळपास सगळं कोषस्थाचं, म्हणजे आत झोपलेल्या, पुढे पतंग होणाऱ्या जिवाचं. हातात जड लागला आणि हलकेच हलवल्यावर आत भरीव वस्तू आपटल्यासारखी वाटली तर ठीक. हलका असून खुळखुळला तर कोषस्थ वाळला. कवचावर लहान, स्वच्छ गोल भोक असेल तर परजीवी बाहेर पडून गेला, वाट बघू नका. टसरवर दोन परजीवी ठरलेले: अळीच्या अंगावर अंडी घालणारी उझी माशी आणि कवचातून आर खुपसून कोषस्थात अंडं घालणारी पिवळी गांधीलवजा माशी. पतंग निघून गेलेल्या कोषाला देठाच्या टोकाशी मोठं भोक असतं आणि कडेचे धागे ओले होऊन विस्कटलेले दिसतात. आणि हो, चाचणी एकदाच करा. रोज हलवून बघितलं तर कोषस्थाला इजा होऊ शकते.

तुमच्या भागात वर्षाला साधारण दोन पिढ्या होतात. पहिले पतंग जूनच्या पावसाबरोबर निघतात, त्यांच्या अळ्या जुलै-ऑगस्टमध्ये वाढतात. त्या कोषांतून ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात दुसरे पतंग येतात आणि त्यांच्या अळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोष बांधतात. हे दुसऱ्या पिढीचे कोषस्थ हिवाळा आणि पूर्ण उन्हाळा झोपून काढतात. तुमचा कोष त्यातलाच. तेव्हा जूनची वाट बघा. एखादा मे महिन्यातच निघतो, विशेषतः तापलेल्या खोलीत, पण तेव्हा त्याला जोडीदार मिळत नाही.

तोवर फांदीसकट, देठ वर ठेवून टांगा. आत डोकं देठाच्या बाजूला असतं आणि पतंग तिथूनच निघतो. जागा सावलीची, वारा खेळता, पत्र्याखालची नको. नैसर्गिक उजेड मिळू द्या, पण रात्री ट्यूबलाइटखाली ठेवू नका, कारण झोप मोडायची वेळ दिवसाच्या लांबीवर आणि दमटपणावर ठरते. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून एक दिवसाआड संध्याकाळी पाण्याचा हलका फवारा पुरे. अगदी कोरडं राहिलं तर पतंग अर्ध्यात अडकतो, सतत ओलं राहिलं तर बुरशी धरते. मुंग्या येऊ नयेत म्हणून टांगायच्या दोरीला थोडं ग्रीस लावा.

कोष जाळीच्या पिंजऱ्यात असावा, किमान दीड फूट उंच. प्लास्टिकचा डबा नको. पतंग संध्याकाळी तोंडातून पाचक रस सोडून देठाकडचं टोक मऊ करतो, धागे बाजूला सारून निघतो आणि लगेच वर चढतो. त्या वेळी पंख चुरगळलेले असतात. उलटं लटकून साधारण अर्ध्या तासात ते पसरतात आणि पुढच्या काही तासांत कडक होतात. चढायला खरखरीत जागा मिळाली नाही तर पंख तसेच वाळतात, मग काही उपाय नाही.

त्याला साखरपाणी वगैरे देऊ नका. त्याच्या तोंडाचे अवयव निकामी असतात, तो अळीपणी साठवलेल्या चरबीवर आठवडाभर जगतो. नर असेल तर त्याच रात्री सोडून द्या. मादी असेल तर जाळीसकट झाडाजवळ टांगा. जंगलात नर असले तर वासावर येतात. मिलन दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं, जोडी ओढून सोडवू नका. नंतरच्या तीन रात्रींत ती दीडशे ते अडीचशे अंडी घालते. ती चपटी, सुमारे ३ मिलिमीटरची, तपकिरी चिकाने माखलेली असतात. फळलेली अंडी ८ ते १० दिवसांत फुटतात, न फळलेल्यांना मध्ये खळगा पडतो.

अळ्या घरात वाढवायचा सल्ला मी देणार नाही. तोडलेली ऐनाची पानं लवकर कोमेजतात आणि कोंदट डब्यात विषाणूचा रोग झपाट्याने पसरतो. जिवंत ऐन किंवा अर्जुनाच्या फांदीवर बारीक जाळीची पिशवी बांधून आत सोडा. पहिल्या दिवसांत कोवळी पानं, नंतर जून पानं. अळी सुरुवातीला तपकिरी असते, मग हिरवी होते, चार वेळा कात टाकते आणि पावसाळ्यात ३० ते ३५ दिवसांत बोटापेक्षा लांब, १२-१३ सेंटिमीटरची होते. थंडीच्या तोंडावर हाच काळ दीडपट-दुप्पट लांबतो. डोकं वर करून निश्चल बसलेली अळी आजारी नसते, कात टाकायच्या तयारीत असते. तिला पानावरून उचललं तर ती मरू शकते. जिचं डोकं खाली लटकतं, अंग काळं आणि पातळ होतं, ती मात्र रोगट. फांदीच्या तुकड्यासकट काढून जाळून टाका.

एक अट पाळा. जवळपास ढिवर मंडळींची (परंपरेने कोसा पाळणाऱ्या समाजाची) कोसापालनाची झाडं असतील तर घरची अंडी तिथे सोडू नका. पेब्रिन हा रोग आईकडून अंड्यात उतरतो आणि वरून काही दिसत नाही. बीजागारात, म्हणजे कोसापालनासाठी अंडी तयार करणाऱ्या केंद्रात, अंडी घातल्यावर मादी कुटून सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू शोधतात ते याचसाठी. तुमच्या मादीची तशी तपासणी होणार नसेल तर अंडी मूळ झाडापाशीच ठेवा. रिकाम्या कोषाचं कवच मात्र ठेवून घ्या: भोक पडलेल्या कोषातून सलग धागा निघत नसला तरी हाताने कातून घिचा नावाचं जाडसर सूत काढता येतं.