बँग ऑन अ कॅन: जिथे गोंगाट वाटला तिथूनच सुरुवात करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाख, बेथोव्हन, ब्राम्स वर्षानुवर्षं ऐकले आहेत. कोणीतरी सुचवलं म्हणून बँग ऑन अ कॅन या न्यूयॉर्कच्या नव्या संगीताच्या संस्थेच्या वाद्यसंचाने, ऑल-स्टार्सनी, वाजवलेली 'वर्कर्स युनियन' ही रचना लावली आणि सातव्या मिनिटाला बंद केली. याला संगीत म्हणायचं का? आणि असल्या संगीतासाठी उभी राहिलेली संस्था इतकी वर्षं टिकलीच कशी?

बंद केलंत यात गैर काही नाही. पहिल्या खेपेला मीही ते शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. पुढे त्याची स्वरलिपी पाहायला मिळाली आणि मग कान बदलले, म्हणून आधी तीच सांगते.

लुई आंद्रीसन या डच रचनाकाराने १९७५ मध्ये 'वर्कर्स युनियन' लिहिलं ते मोठ्या आवाजाच्या कोणत्याही वाद्यसमूहासाठी. वाद्यं कोणती आणि किती, ते वाजवणाऱ्यांनी ठरवायचं. कागदावर नेहमीच्या पाच रेघा नाहीत, एकच आडवी रेघ आहे. टिंब रेघेच्या वर असेल तर आपल्या वाद्याचा वरचा स्वर, खाली असेल तर खालचा. नेमका कुठला, याचं स्वातंत्र्य वादकाला. लय मात्र तसूभर हलवायची नाही. त्यामुळे प्रत्येकाचा स्वर निराळा आणि घाव मात्र सगळ्यांचा एकाच क्षणी, असं पंधरा-वीस मिनिटं चालतं. मात्रांची जुळणी सतत बदलत राहते, म्हणून कोणालाही सवयीवर विसंबता येत नाही. एकाचं लक्ष उडालं की सगळी इमारत कलंडते. एकत्र येऊन राजकीय काम करणंही इतकंच अवघड असतं, असं आंद्रीसनचं म्हणणं होतं आणि रचनेचं नावही त्याला साजेसं आहे. तुम्ही त्यात सुरावट शोधत होतात, ती तिथे ठेवलेलीच नाही. सहा माणसं एकमेकांना सोडत नाहीत, हे ऐकायचं असतं.

आता संस्थेकडे येते. १९८० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये नव्या संगीताच्या दोन वस्त्या होत्या. अपटाउनचं संगीत विद्यापीठांतलं, शोनबर्गच्या बारा स्वरांच्या पद्धतीतून वाढलेलं, कागदावर अतिशय गुंतागुंतीचं. डाउनटाउनचं संगीत गॅलऱ्यांत आणि जुन्या गोदामांच्या माळ्यांवर वाजणारं, प्रयोगशील रचनाकार जॉन केज आणि थोडेच स्वर पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या मिनिमलिस्ट मंडळींच्या वळणाचं. इकडचे श्रोते सहसा तिकडे फिरकत नसत. मायकेल गॉर्डन, डेव्हिड लँग आणि ज्युलिया वुल्फ हे तिघं येल विद्यापीठात शिकून न्यूयॉर्कला आलेले तरुण रचनाकार. शिक्षण पक्कं होतं, पण त्यांच्या संगीताला यांपैकी एकाही वस्तीत धड घर नव्हतं.

१९८७ च्या मे महिन्यात, मातृदिनाच्या रविवारी, न्यूयॉर्कच्या सोहो भागातल्या एका कलादालनात त्यांनी सलग बारा तासांची मैफल केली. काही रचनाकार दिवसभर बसून डबे बडवणार आहेत, अशा अर्थाचं काहीसं वुल्फ बोलून गेली आणि तेच नाव पडलं. त्या दिवशीच्या कार्यक्रमातला एक शेजार मला सगळ्यात मोलाचा वाटतो. अपटाउनच्या मिल्टन बॅबिटचं 'व्हिजन अँड प्रेयर' आणि डाउनटाउनच्या स्टीव्ह राइशचं 'फोर ऑर्गन्स' एकाच मैफलीत होतं. पहिल्यात गायिका आणि तिच्या जोडीला सिंथेसायझरवर तयार केलेली टेप, सगळं मोजून-मापून रचलेलं. दुसऱ्यात चार इलेक्ट्रिक ऑर्गन आणि मराका या खुळखुळ्यांचा न थांबणारा ठेका, आणि एकच स्वरसंघात जो ताणत ताणत लांब होत जातो. दोन टोकांचे हे रचनाकार आपापल्या भक्तांसमोर वाजत आले होते. इथे एकाच खुर्चीत बसून दोन्ही ऐकायचे होते. कुठल्या पंथाचं आहे हे विचारायचं नाही, कान काय म्हणतो ते बघायचं. पुढच्या मॅरेथॉन मैफलींत हीच पद्धत राहिली. श्रोत्यांनी हवं तेव्हा यावं, उठून जावं, परत यावं. तुमच्यासारखं सातव्या मिनिटाला बाहेर पडणं तिथे कुणाला अपमानकारक वाटत नसे.

संस्था टिकली कशी, याचं माझ्या मते उत्तर असं की या तिघांनी कुणाच्या बोलावण्याची वाट पाहिली नाही. नवी रचना लिहिली तरी प्रस्थापित वाद्यवृंद ती एकदा वाजवणार, तीही अपुऱ्या तालमीनंतर, हे दुखणं सगळीकडचं. म्हणून १९९२ मध्ये त्यांनी स्वतःचा संच उभा केला, तोच ऑल-स्टार्स: क्लॅरिनेट, चेलो, डबल बास, पियानो, तालवाद्यं आणि इलेक्ट्रिक गिटार. गिटार आणि ध्वनिवर्धक यांमुळे आवाजाची जातच बदलली. तुम्हाला जो धक्का बसला त्यात याचाही वाटा आहे. २००१ मध्ये कॅन्टलूप म्युझिक ही स्वतःची ध्वनिमुद्रण कंपनी आली. २००२ पासून मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थ अ‍ॅडम्स इथे, जुन्या कारखान्याच्या इमारतींत वसलेल्या मास मोका संग्रहालयात, दर उन्हाळ्यात तरुण वादक आणि रचनाकारांचं शिबिर भरतं. जवळच्या टँगलवुड या प्रतिष्ठित महोत्सवावरून लोक त्याला लाडाने बँगलवुड म्हणतात.

पण या सगळ्यात माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट १९९७ ची, पीपल्स कमिशनिंग फंड. नवी रचना लिहून घ्यायची तर पैसे देणारा बहुधा एखादा धनिक किंवा मोठं प्रतिष्ठान असतं. इथे बऱ्याच लोकांच्या लहानमोठ्या देणग्या एकत्र करून त्यातून रचना लिहून घेतल्या जातात. वीस माणसांच्या छोट्या खोलीतही नवं संगीत ऐकायला येणारे कोण असतात हे मी अनेक वर्षं पाहते आहे. शिक्षक असतात, ग्रंथपाल असतात, वाद्य शिकणारी मुलं असतात. ज्याने थोडेसे का होईना पैसे घातलेत तो त्या रचनेची वाट बघतो, आणि कानाला खटकली तरी दुसऱ्यांदा ऐकतो. नव्या संगीताला या दुसऱ्या ऐकण्याचीच खरी गरज असते.

माझी तक्रारही सांगते. इतक्या वर्षांत या मंडळींचा एक ठसा तयार झाला आहे: धडधडता ठेका, पुनरावृत्ती, वाढवत नेलेला आवाज. त्यांच्या प्रभावाखाली लिहिणाऱ्या काही तरुणांच्या रचना मला एकीतून दुसरी ओळखता येत नाहीत. पंथ मोडायला निघालेल्यांचाच पंथ होऊ लागला की मला वाईट वाटतं. मात्र त्यांनी बर्मी पट्टवाईंग या गोलाकार मांडलेल्या ढोलांचा वादक चॉ चॉ नाइंग याच्याबरोबर जे काम केलं, ते ऐकलं की ही तक्रार बरीच सैल होते.

आता ऐकायचं काय? तुमचा कान ब्राम्सचा आहे, तर 'वर्कर्स युनियन' काही दिवस बाजूला ठेवा. ब्रायन ईनो या ब्रिटिश संगीतकाराचं 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' घ्या. मूळ १९७८ ची रचना स्टुडिओत वेगवेगळ्या लांबीच्या टेपच्या वेटोळ्यांवर बनलेली. ऑल-स्टार्सनी ती खऱ्या वाद्यांवर उतरवली आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. यंत्राने फिरवलेली वेटोळी माणसं श्वास घेत वाजवतात तेव्हा काय होतं, ते शांतपणे ऐका. त्यानंतर गॉर्डनचं एकट्या चेलोसाठीचं 'इंडस्ट्री'. सुरुवातीला ओळखीचा, लाकडी चेलो आहे. मग हळूहळू विद्युत विकृती (डिस्टॉर्शन, आवाजाला येणारी खरखर) चढत जाते आणि शेवटी त्याचं पोलाद होतं. बदल इतका सावकाश आहे की नेमका कुठे झाला ते बोट ठेवून दाखवता येत नाही.

मग वुल्फचं 'अँथ्रासाइट फील्ड्स'. गायकवृंद आणि ऑल-स्टार्स यांच्यासाठीची ही रचना पेनसिल्व्हेनियातल्या कोळसा खाणकामगारांवर आहे. तिला २०१५ चं संगीतासाठीचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. लँगला ते आधी २००८ मध्ये मिळालं होतं. पहिल्या भागात खाण अपघातांच्या नोंदींमधली नावं गायली जातात. नोंदी इतक्या आहेत की वुल्फने फक्त जॉन नावाचे आणि एका अक्षरावयवाचं आडनाव असलेले निवडले, तरीही यादी संपत नाही. जॉन, पुढे आडनाव, पुन्हा जॉन. इथे पुनरावृत्ती हा शैलीचा भाग राहत नाही, ती मोजणी होते. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मध्येच उठून खिडकी उघडावी लागली होती. शेवटच्या भागात विजेवर होणाऱ्या रोजच्या साध्या कामांची यादी येते, आणि ती वीज कुठून येत होती हे तोवर तुम्हाला ठाऊक झालेलं असतं.

हे सगळं झालं की परत 'वर्कर्स युनियन' लावा. हेडफोन नको, स्पीकरवर लावा, आवाज जरा मोठा ठेवा. पहिली दोन मिनिटं फक्त पियानोच्या मागे राहा, पुढची दोन गिटारच्या. सातव्या मिनिटाला कुठे पोचलात ते मला नक्की कळवा.