पाचट ठेवा, पण युरियाची पिशवी फेकू नका

ऊसतोडी सुरू झाल्यापासून सांगली जिल्ह्यातल्या वाळवा, पलूस आणि जतकडून जे प्रश्न आले, ते फिरून एकाच मुद्द्यावर येतात. पुनरुज्जीवक शेतीने, म्हणजे मातीचा कस परत आणणाऱ्या शेतीने, जगाचं पोट भरेल, हवामानही सावरेल असं सांगतात. आमच्या रानात ते जमेल का?

‘मागच्या साली पाचट ठेवलं तर खोडवा पिवळा पडला. यंदा पेटवून मोकळा होतो,’ असं वाळव्याहून एकाने कळवलं आहे. पाचट म्हणजे तोडीनंतर रानात पडलेली उसाची वाळली पानं, आणि खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून (जमिनीत उरलेल्या बुंध्यांतून) पुन्हा फुटणारं पीक.

पेटवू नका. पाचटात कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र (नायट्रोजन) जेमतेम अर्धा टक्का असतो. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतो. पाचटात पुरला नाही की ते जमिनीतला उचलतात आणि कोंब उपाशी राहतात. म्हणून एकरी 32 किलो युरिया आणि 40 किलो सिंगल सुपर फॉस्फेट पाचटावर विस्कटा, पाचट कुजवणाऱ्या जिवाणूंचं 4 किलो संवर्धक शेणखतात मिसळून टाका आणि पाणी द्या. त्याआधी बुडख्यावरचं पाचट सरीत ओढून बुडखे जमिनीलगत छाटा, लगेच शिफारशीतलं बुरशीनाशक फवारा. बगला, म्हणजे सरीच्या बाजू, नांगराने फोडायच्या नाहीत. नेहमीचं खत पहारीने द्या: बुडख्यापासून चार ते सहा इंचांवर, सहा ते आठ इंच खोल भोक पाडून. पहिला डोस तोडीनंतर पंधरा दिवसांत, दुसरा साडेचार महिन्यांनी बुडख्याच्या समोरच्या बाजूला.

दीड-दोन महिन्यांनी पाचट हाताने बाजूला करून बघा. खालची पानं काळपट, मऊ झालेली असतात, त्यांना पांढरी बुरशी धरलेली दिसते, आणि भर उन्हातही माती ओली लागते. शेजारच्या पेटवलेल्या फडात तेवढ्या दिवसांत भेगा पडतात.

‘मग खत कायमचं बंद करू का?’ नाही. श्रीलंकेने एप्रिल 2021 मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी घातली, भाताचं उत्पादन कोसळलं आणि नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली. ऊस कारखान्याला गेला की त्याच्याबरोबर रानातला नत्र, पालाशही (पोटॅश) जातो. तो कुठून तरी परत द्यावाच लागतो. माझं मत स्पष्ट आहे: आधी कर्ब वाढवा, दर दोन-तीन वर्षांनी माती तपासा आणि अहवाल बघून खत उतरवत आणा. उलट्या क्रमाने गेलात तर पहिल्याच खोडव्यात टनेज जाईल, आणि मग पुन्हा कोणी ऐकायला तयार होत नाही.

हवामानाबाबत थोडं सबुरीने. एकरी चार टन पाचटात सुमारे दीड टन कर्ब असतो, पण कुजताना त्यातला बहुतेक हवेत परत जातो. थोडाच ह्यूमस होऊन टिकतो, आणि तोही सतत नांगरट केली की निघून जातो. तेव्हा कार्बन क्रेडिटच्या (मातीत कर्ब साठवल्याबद्दल पैसे देण्याच्या) कागदावर सही करण्याआधी किती वर्षांचा करार आहे आणि मोजणी कोण करणार, हे विचारून घ्या. खात्रीचा फायदा दुसरीकडे आहे. कृष्णाकाठच्या रानात पाणी तुंबवून वर युरिया मारला की नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साईड होऊन उडतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे 270 पट तापवतो. ठिबकातून थोडं-थोडं खत दिलं तर हा वायू कमी सुटतो आणि पैसेही वाचतात. रान क्षारपड (खारवलेलं) असेल तर मात्र आधी निचऱ्याची सोय करा. निचऱ्याविना नुसतं पाचट काही करणार नाही.

कोरडवाहू जतकरांचं म्हणणं, ‘आमच्याकडे पाचट कुठलं, कडबा जनावरांनाच पुरत नाही.’ खरं आहे, आणि जनावराच्या तोंडचा कडबा काढून रानात पसरा असं मी सांगणार नाही. बाजरीत तुरीच्या ओळी घ्या, हलक्या रानात मटकी-हुलगा करा आणि काढणीनंतर मुळं रानातच राहू द्या. शिवाय माडग्याळ मेंढीचा हा मुलूख. रान मोकळं आहे तोवर कळप बसवून घ्या, लेंडी-मूत जागेवर पडतं आणि वाहतुकीचा खर्च नाही. मेंढपाळाशी आत्ताच बोलून ठेवा. पेरणी तोंडावर आली की सगळेच बोलवायला लागतात.