पहिलं व्हिडिओ इन्स्टॉलेशन मांडताना

फाळणीसारखा विषय घेणार असाल, तर आधी नलिनी मलानी यांचं ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’ (१९९८) अभ्यासा. मंटोंच्या फाळणीवरच्या कथेवरून नाव घेतलेलं हे व्हिडिओ इन्स्टॉलेशन आहे, म्हणजे वस्तू आणि व्हिडिओ एकत्र मांडून केलेलं काम. १९४६ साली कराचीत जन्मलेल्या या चित्रकर्तीने मॉनिटर थेट पत्र्याच्या ट्रंकांमध्ये ठेवले. निर्वासितांचं सामान हाच पडदा झाला. वस्तू अशीच निवडा, जी काढली तर काम कोसळेल.

मात्र ट्रंकेला मागून वर-खाली भोकं पाडा, नाहीतर कोंडलेल्या उष्णतेने स्क्रीन मध्येच बंद पडतो. दोन पडद्यांसाठी दोन सुटे प्लेअर लूपवर सोडू नका. प्रत्येक फेरीत थोडा फरक साचतो आणि काही तासांत एका पडद्यावरचा बोलणारा एकीकडे, दुसऱ्यावरचा ऐकणारा भलतीकडे. त्यापेक्षा दोन्ही चित्रं ३८४० बाय १०८०च्या एकाच फाइलमध्ये शेजारी ठेवून एकाच संगणकावरून दोन्ही प्रोजेक्टरना द्या. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर २ मीटर रुंद चित्राला ३ मीटर अंतर लागतं; भिंत ठरवण्याआधी हे मोजा.

घरच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटींचं इंटरलेसिंग (हलत्या चित्राच्या कडांवर दिसणाऱ्या कंगव्यासारख्या आडव्या रेषा) काढा, पण ओरखडे आणि थरथर कृपया पुसू नका, काळ तिथेच दिसतो. आजीची साक्ष असेल तर छोटा स्पीकर बसणाऱ्याच्या कानाजवळ लावा. मोठ्या आवाजात रिकाम्या खोलीचा घुमारा शब्द गिळतो. समोरच्या भिंतीला जाड गोधडी टांगली की तो घुमारा बराच कमी होतो.