कांदळवनाची ‘लागवड’ की ‘पुनःस्थापना’?

प्रश्न असा आहे: मुंबईत खाडीकाठच्या कांदळवनांच्या, म्हणजे खारफुटीच्या जंगलांच्या, कामांबद्दल ‘कांदळवन लागवड’ आणि ‘कांदळवन पुनर्स्थापना’ असे दोन्ही शब्द वाचायला मिळतात. अर्थ एकच का? आणि ‘पुनर्’ लिहायचं की ‘पुनः’?

लेखनाचं आधी उरकतो. मूळ शब्द ‘पुनर्’. पुढे स्वर किंवा मृदू व्यंजन आलं की र टिकतो: पुनरुज्जीवन, पुनर्वसन. ‘स’च्या आधी त्याचा विसर्ग होतो, म्हणून नियमाने ‘पुनःस्थापना’. ‘पुनर्स्थापना’ आता इतकं रुळलंय, की त्यावरून कुणाला अडवू नये.

अर्थाबाबत मात्र अडवावं. लागवड म्हणजे रोपं लावणं. पुनःस्थापना म्हणजे बिघडलेली परिसंस्था आपली आपण चालू लागेल अशी स्थिती आणून देणं; त्यात लागवड असेल, नसेलही. आपल्याकडच्या कांदळवनात सर्वांत जास्त दिसणारं झाड, तिवर, चिखलातून वर आलेल्या मुळांनी श्वास घेतं. राडारोड्याखाली ती मुळं गाडली गेली, की झाड गुदमरतं. बांध घालून भरतीचं पाणी अडवलं, तरी तेच. अशा जागी कितीही रोपं लावा, जगणार नाहीत. भराव उपसून पाण्याची वाट मोकळी केली आणि जवळ जुनी झाडं उभी असली, तर बी भरतीबरोबर येऊन रुजतं. कांदळ या झाडाचं बी तर झाडावरच अंकुरतं आणि लांब शेंगेसारखं लोंबत राहतं. (कांदळवन म्हणजे नुसता कांदळ नव्हे, हेही इथेच सांगतो. तिवर, चिपी, झुंबर, किरकिरी सगळी त्यात आली. कुठे रोज पाणी चढतं, कुठे फक्त उधाणाला, यावर कोण कुठे वाढेल ते ठरतं.)

ओहोटीला उघडा पडणारा चिखल ‘रिकामा’ समजून तिथे रोपं खोचणं, ही तर शुद्ध लागवड. ठाणे खाडीतले रोहित पक्षी (फ्लेमिंगो) त्याच चिखलावर पोट भरतात. असलेली परिसंस्था मोडून दुसरी लादणं याला पुनःस्थापना म्हणणं मला मुळीच पटत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालातही हा भेद आहे: नष्ट झालेली कांदळवनं पुन्हा लावणं आणि बेकायदा भराव घातलेली क्षेत्रं पूर्ववत करणं, अशा दोन्ही जबाबदाऱ्या राज्यावर टाकल्या आहेत. तेव्हा नुसती रोपं लावली असतील तिथे ‘लागवड’च लिहावं.