शेल्टरमधून आणलेली मांजर चार दिवस पलंगाखालीच बसून आहे, काय करू?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांची मांजर शेल्टरमधून आणून चार दिवस झाले, पण ती पलंगाखालून बाहेर येत नाही. सगळे झोपले की थोडं खाते, जवळ गेलं की फिस्कारते. तुमची आठ वर्षांची मुलगी रडवेली होऊन विचारते, "आपण तिला आवडत नाही का?" आणि तुम्हाला प्रश्न पडलाय, तिला ओढून बाहेर काढावं की परत नेऊन द्यावं.

ओढू नका. परत देण्याचा विचार तर चार दिवसांत करूच नका. रात्री खाते आहे ना? मग तुमचं बरं चाललंय.

आजवर माझ्या घरात अशा सहा मांजरी आल्या, त्यातल्या चार जणी पहिला आठवडाभर कशाच्या ना कशाच्या खाली होत्या. मांजर शिकार करते तशी ती दुसऱ्याची शिकारही होऊ शकते, त्यामुळे अनोळखी जागी आली की आधी लपायचं आणि तिथून सगळं बघून घ्यायचं, हे तिच्या अंगातच असतं. तुमच्या घराचा वास, भांड्यांचे आवाज, दाराची कडी, कोण कधी उठतं, हे सगळं ती पलंगाखाली बसून शिकते आहे. फिस्कारणं म्हणजे "अजून जवळ येऊ नका" एवढंच. तुम्ही थांबलात तर तिला समजतं की या घरात सांगितलेलं ऐकलं जातं.

ओढून काढायची चूक मी केली आहे, म्हणून इतकं ठामपणे सांगते. भुरी आली त्याच्या तिसऱ्या दिवशी घरी पाहुणे आले होते आणि त्यांना मांजर बघायची होती. मी कपाटामागे हात घातला, तिला मानेला धरून बाहेर घेतलं. तिने माझं मनगट ओरबाडलं, त्याचं काही नाही. पण आदल्या रात्री तिने वाटी चाटूनपुसून संपवली होती, आणि त्यानंतर पूर्ण दिवस तोंड लावलं नाही. मी खोलीत पाऊल टाकलं की तिचे कान सपाट व्हायचे. पाहुण्यांच्या पाच मिनिटांसाठी घालवलेला विश्वास परत मिळवायला मला जवळजवळ तीन आठवडे लागले.

आता काय करायचं ते. पूर्ण घर तिच्यासाठी सध्या फार मोठं आहे. ती जिथे आहे ती एकच खोली तिची ठरवा आणि दार लावून ठेवा. लिटर बॉक्स एका कोपऱ्यात, खाणं त्याच्या समोरच्या कोपऱ्यात. शी-शू करायच्या जागेशेजारी मांजरी खायला नाखूश असतात. पाण्याचं भांडंही खाण्यापासून थोडं लांब ठेवून बघा, बऱ्याच मांजरी मग जास्त पाणी पितात. शेल्टरमध्ये कोणतं लिटर आणि कोणतं खाणं होतं ते फोन करून विचारा आणि सध्या तेच चालू ठेवा. खाणं बदलायचं असेल तर नंतर, आठ-दहा दिवसांत जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत. आणि कॅरियरमध्ये घातलेलं फडकं धुऊ नका. या घरात तिच्या ओळखीचा वास फक्त त्यालाच आहे.

मग एक खोका आणा. साधा पुठ्ठ्याचा, ती आत वळून बसू शकेल इतका, दोन बाजूंना दारं कापलेला, म्हणजे कोंडल्यासारखं वाटत नाही. ते फडकं त्यात घाला आणि खोका पलंगाच्या कडेला भिंतीला लावून ठेवा. खोक्याचं महत्त्व मी नुसतं अनुभवावरून सांगत नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी एका शेल्टरमध्ये नव्याने आलेल्या १९ मांजरींवर अभ्यास केला होता, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा जणींना लपायला खोका दिला, नऊ जणींना नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खोकावाल्या मांजरींवरचा ताण स्पष्टपणे कमी दिसला. म्हणजे लपू दिलं तर मांजर लवकर सावरते. पलंगाखालची जागा बंद करायची असेल तर ती खोक्यात रुळल्यावर, आणि ती बाहेर असतानाच करा.

तुमच्या मुलीसाठी मात्र माझ्याकडे खरंखुरं काम आहे. तिला रोज एकाच वेळी त्या खोलीत दाराजवळ जमिनीवर बसू दे, पलंगाकडे तोंड न करता थोडं तिरकं, आणि तिच्या आवडीचं गोष्टीचं पुस्तक मोठ्याने वाचू दे. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. पलंगाखाली वाकून बघायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. निघताना वाटीत थोडं खाणं टाकून यायचं. मुलीचा आवाज ऐकू आला की खाणं येतं आणि कोणी अंगावर येत नाही, हे मांजरीच्या मनात बसायला थोडे दिवस लागतील, पण बसेल. भुरीच्या वेळी मी असंच वाचत असायचे. एका संध्याकाळी पान उलटताना डाव्या पायाच्या अंगठ्याला काहीतरी ओलं लागलं. खाली बघायचा मोह मी कसाबसा आवरला आणि वाचत राहिले. तिच्या मिशांना कपाटामागची जळमटं चिकटलेली होती. तिने माझ्या पायाला गाल घासला, एकदाच, आणि परत गेली. मांजरींच्या गालांत गंधग्रंथी असतात, त्यामुळे गाल घासणं म्हणजे आपला वास लावून ठेवणं. वाचता वाचता माझा आवाज कापला होता, अजून आठवतं.

नजरानजर झालीच तर टक लावून बघू नका. डोळे हळूच अर्धे मिटा, मग पूर्ण मिटा, उघडा. ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासून पाहिलं. असे डोळे मिचकावले की मांजरीही तसंच उत्तर देतात, आणि अनोळखी माणसानेसुद्धा असं करून हात पुढे केला तर त्याच्याकडे जास्त येतात. मुलीला हे शिकवा, मुलांना ते फार छान जमतं. पुढे ती स्वतःहून आली की बोट तिच्या नाकाच्या पातळीवर धरा. तिने गाल टेकवला तर गालावर, हनुवटीखाली दोन-तीनदा बोट फिरवा आणि थांबा. अजून हवं असेल तर ती सांगेल. पोटाला आणि शेपटीला एवढ्यात हात नको.

तुम्ही "ती कधी बाहेर येणार" याकडे बघताय. त्याऐवजी दोन गोष्टी लिहून ठेवा, रोज किती खाल्लं आणि लिटरमध्ये काय दिसलं. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर पशुवैद्यांना फोन करा. उपाशी मांजरीच्या शरीरातली चरबी यकृतात साठू लागते आणि ते जिवावर बेतू शकतं. लठ्ठ मांजरींना हा धोका जास्त. लिटरमध्ये जाऊन नुसतं कुंथणं आणि थेंबभर लघवी होणं, हेही आजारपणाचं लक्षण आहे. बोक्याची लघवी तुंबली तर रात्र असो की पहाट, लगेच न्यायचं. आणि गुरगुर ऐकली म्हणून निश्चिंत होऊ नका, दुखत असताना किंवा घाबरल्यावरही मांजरी गुरगुरतात.

घरात लिलीची फुलं येत असतील तर थांबवा. खऱ्या लिलीचं पान, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजरीची मूत्रपिंडं निकामी करू शकतं. पॅरासिटामॉलची गोळी तिला कधीही द्यायची नाही, अर्धीही नाही. कुत्र्यांचं गोचिडांचं औषध लावायचं नाही, त्यात बऱ्याचदा परमेथ्रिन असतं आणि ते मांजरीला विष आहे. खिडक्यांना जाळी बसवा. ती चावली किंवा तिने ओरबाडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा, तिचं लसीकरण झालेलं असलं तरी.

शेल्टरवाले "तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने" असं सांगतात: तीन दिवसांत भीती ओसरते, तीन आठवड्यांत घराची घडी कळते, तीन महिन्यांत ते घर तिचं होतं. अंदाज म्हणून ठीक आहे, पण लोक ते वेळापत्रकासारखं धरून बसतात याचं मला वाईट वाटतं. पिल्लं साधारण दोन ते सात आठवड्यांची असताना माणसांचा हात लागला नसेल, तर मोठेपणी अशा मांजरीला खूप जास्त वेळ लागतो. तुमच्या मांजरीची पहिली दोन वर्षं कुठे गेली, तेही शेल्टरला विचारा. सांगता येईल तेवढं ते सांगतील.

मुलीला सांगा की मांजरीने अजून तिच्याबद्दल काहीच ठरवलेलं नाही, ती आधी घर बघते आहे. आज रात्री फक्त खोका ठेवा, वाटी भरा आणि दार लावून झोपा. पलंगाजवळ मोबाइलचा टॉर्च मारून बघू नका. सकाळी वाटीत किती उरलं ते मला इथेच कळवा.